बेसन मागेल तेवढं पाणी

मासवडीला पाणी किती घालायचं, हे जुन्नर तालुक्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "बेसन मागंल तेवढं." मीठ चवीपुरतं, तिखट झेपेल तेवढं, तेल घालताना हात आखडायचा नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हेच ऐकत आले आणि घरच्या पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकात त्याने कधी काही अडलं नाही. अडलं ते बचत गटाने मासवडी विकायला काढली तेव्हा.

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट बघायला येणारी माणसं पूर्वीही होतीच, पण आता ती जेवायला काय मिळेल हेही विचारू लागली. पापड-लोणची सगळेच गट करतात, आपण मासवडी-भाकरीचं ताट द्यायचं, असं आमच्या बायकांनी ठरवलं. आधी सुट्टीच्या दिवशी थोडी, मग फेब्रुवारीत शिवजयंतीला जास्त, मग लग्नघरच्या ऑर्डरी. लग्नघर म्हणजे एकदम दीडशे ताटं.

ज्यांनी मासवडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्याला फोडणी देऊन आधण आणायचं, त्यात बेसन वैरायचं, लाटण्याने घोटून गुठळ्या मोडायच्या आणि झाकण ठेवून वाफ आणायची. ओल्या फडक्यावर खोबरं-कोथिंबीर पसरून त्यावर ते गरम बेसन थापायचं. आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा आणि लसूण यांचं सारण भरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यायचा आणि निवली की वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासा यात औषधालाही नाही. सगळा खेळ त्या उकडीचा. पाणी जास्त झालं तर वडी रश्श्यात पडताच विरघळते, कमी झालं तर गुंडाळतानाच भेगा पडून सारण बाहेर येतं. यात सुधारायला वेळही मिळत नाही, कारण बेसन गरम असेपर्यंतच थापता येतं.

गटातल्या प्रत्येकीची मासवडी चांगलीच होती, पण प्रत्येकीची वेगळी होती. घरी खाणाऱ्याला त्याचं काही नसतं. विकत घेणारा मात्र मागच्या वेळची चव लक्षात ठेवून येतो. "मागच्या खेपेला घट्ट होती, आज मऊ कशी?" असं एका गिऱ्हाइकाने विचारलं आणि त्यावर आमच्यात 'तू केलीस की मी' सुरू झालं. शेवटी प्रमाण लिहून काढायचं ठरलं. गटाचा हिशोब मी ठेवते, म्हणून हेही काम माझ्याच गळ्यात आलं.

सुरुवात वाटीपासून केली, कारण सगळ्या 'एक वाटी, दोन वाट्या' असंच बोलतात. प्रत्येकीला आपली मापाची वाटी आणायला सांगितली. मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं होतं, त्यात पाणी भरून एकेक वाटी मोजली. सगळ्यांत लहान वाटी ११० मिलिलिटरची निघाली आणि सगळ्यांत मोठी १९०ची. तीही कुणाच्या तरी बारशाला आलेली, तळाला नाव कोरलेली. दोघींच्याही तोंडी 'वाटी'च. पाककृतींच्या पुस्तकांत वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटर धरतात.

गटातल्या एकीकडे तिच्या आईचं 'रुचिरा' आहे, कणकेचे डाग पडलेलं, पाठीचा कणा सुटलेला. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं. नुकत्याच लग्न झालेल्या मुलींच्या दोन-तीन पिढ्या त्याच्या भरवशावर स्वयंपाक शिकल्या. त्यात वाटी आणि चमचा यांत माप दिलेलं असतं आणि ते चुकत नाही, असा लौकिक आहे. मला वाटतं त्याचं कारण सोपं आहे. एकच वाटी हातात धरून त्याच वाटीने बेसनही घेतलं आणि पाणीही घेतलं, तर वाटी ११०ची असो की १९०ची, प्रमाण तेच राहतं. गोंधळ होतो तो बेसन एका वाटीने आणि पाणी फुलपात्राने घेतलं की. आणि आमच्याकडे नेमकं तसंच चालत होतं.

पण एकच वाटी ठरवूनही सगळं जमेना. वाटी तीच, बेसन तेच, बायका दोन. एकीने चमच्याने हलकं बेसन सोडत वाटी भरली आणि वरून सुरीची पाठ फिरवून सपाट केली. काट्यावर ते भरलं ६८ ग्रॅम. दुसरीने वाटी डब्यातच खुपसली, डब्याच्या कडेला दाबून भरून काढली, ९२ ग्रॅम. एका वाटीत २४ ग्रॅमचा फरक, आणि आमचं एक मोठं पातेलं म्हणजे तीसेक वाट्या. पाण्याचं तसं होत नाही. पाणी दाबून भरता येत नाही. पिठात मात्र हवा असते. चाळलेल्या पिठात जास्त, डब्यात तळाशी बसलेल्या पिठात कमी. गिरणीतून दळून आणलेलं रवाळ बेसन आणि पाकिटातलं बारीक बेसन यांचंही एका वाटीत वजन सारखं भरत नाही, शिवाय दोन्ही पाणी वेगवेगळं पितात. म्हणून पहिला नियम झाला तो असा: पीठ वजन करून घ्यायचं आणि एकाच गिरणीतून दळून आणायचं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हा सगळा उद्योग पोरखेळ वाटत होता. "मी काय आज मासवडी करतीय का? माझ्या हाताला म्हाईत हाय," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या हातातलं माप कागदावर आणायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्यांच्या प्रत्येक मुठीमागे 'थांबा, वजन करू द्या' म्हटलं असतं तर त्या लाटणं माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसल्या असत्या. म्हणून मी त्यांना न अडवता डबेच मोजले. स्वयंपाकाआधी बेसनाचा डबा, मिठाची बरणी, तिळाचा डबा, तेलाची किटली, पाण्याची कळशी, सगळ्यांची वजनं करून वहीत लिहून ठेवली. आत्यांनी नेहमीसारखी मासवडी केली. झाल्यावर पुन्हा तेच डबे काट्यावर ठेवले. जेवढं कमी भरलं, तेवढं पातेल्यात गेलं. असं मी बरेचदा केलं, वेगवेगळ्या दिवशी, त्यांना न कळत. म्हणजे मला तसं वाटत होतं. "आज बरणी तोलली न्हाईस का गं?" असं त्यांनीच एकदा विचारलं.

त्या वहीतले आकडे बघून मी चाट पडले. मिठाची त्यांची मूठ दर वेळी एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे, त्याहून जास्त नाही. बेसन आणि पाणी यांचं प्रमाणही जवळपास तेच. 'अंदाजपंचे' म्हणून आम्ही ज्याला हसत होतो तो अंदाज आमच्या वाटीहून पक्का होता. अडचण एवढीच की तो हात एकच होता आणि त्याला गुडघेदुखीने तासाभराहून जास्त उभं राहवत नव्हतं. आत्यांच्या मुठीचं माप त्यांच्यापुरतं बरोबर असून आम्हाला उपयोग नव्हता. ते आम्हा सगळ्यांना वापरता येईल असं हवं होतं.

याच खटाटोपात आमच्या माळ्यावरचं पितळी मापटं खाली आलं. लग्नात मी ओलांडलं ते हेच, उंबऱ्यावर तांदळाने भरून ठेवलेलं. आत्यांच्या सासूबाई त्यानेच धान्य मोजायच्या. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, असं दुपटी-दुपटीने चढत जाणारं ते कोष्टक आत्यांना अजून पाठ आहे. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. हे माप भरायच्याही रीती होत्या. शीग लावून भरायचं की काठावरून हात फिरवून सपाट करायचं, हे देणारा-घेणारा कोण आहे त्यावर ठरे. मी ते तांदळाने दोन्ही रीतींनी भरून तोललं. सपाट भरलं तर चारशे ग्रॅमच्या जरा आत, शीग लावली की साधारण दहावा हिस्सा जास्त. बलुतेदाराला धान्य देताना शीग लावणारं घर आणि न लावणारं घर, दोन्हींचं गावात नाव होई, असं आत्या सांगतात.

धान्य मोजण्याचा धंदा आमच्या गावाला नवा नाही. जुन्नरच्या डोंगरांतल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचं म्हटलं आहे. त्याला दोन हजार वर्षांच्या आसपास झाली. दुसऱ्या एका लेखात कासारांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. नाणेघाटात जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण तर सगळेच बघून येतात. धान्याचे व्यापारी होते, भांडी घडवणारे कासार होते, म्हणजे मापंही होती आणि त्यावरून भांडणंही होत असणार.

मापटं बाजूला ठेवून मी आत्यांच्या जुन्या हिशोबाकडे वळले, कारण त्यांना आठवणारी सणासुदीची प्रमाणं शेर-पावशेरात होती. इथे जरा जपावं लागलं. शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम, आणि पावशेर २३३ ग्रॅम. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२च्या एप्रिलपासून वजनांत देशभर सक्तीचा झाला. शब्द मात्र गेला नाही. आज जुन्नरच्या बाजारात "पावशेर मिरची द्या" म्हटलं की भाजीवाली २५० ग्रॅमचं वजन टाकते. आत्यांच्या सासूबाईंचा पावशेर आणि आमचा पावशेर यांत सतरा ग्रॅमचा फरक आहे. मिरचीत तो कळणार नाही, अनारशाच्या गुळात कळेल.

पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून, आहुपे, भीमाशंकरच्या बाजूने येणाऱ्या बायका अजूनही पायलीचा भाव सांगतात. त्यांची पायली आणि बाजारातला काटा यांचा मेळ घालायचा तर आधी पायलीत काय आहे ते बघावं लागतं. साळ हलकी, तांदूळ त्याहून जड, बाजरी आणखी वेगळी. पायली जागा मोजते, वजन नाही. हे त्या बायकांना आमच्याहून चांगलं कळतं, त्या भाव त्याच हिशोबाने सांगतात.

पातळ पदार्थांचं माप घ्यायला आम्हाला शिकवलं ते गटातल्या एका वहिनींनी. त्यांच्या गोठ्यात गाई आहेत आणि त्या रोज डेअरीत दूध घालतात. भांड्यावरची खूण मी उभ्याने वरून बघत होते, तर त्या म्हणाल्या, "असं नाय. खाली बसा. डोळा खुणंच्या रेषेला आणा." वरून पाहिलं तर पाणी आहे त्याहून जास्त वाटतं किंवा कमी, भांडं कुठे धरलंय त्यावर. शिवाय पाण्याची पातळी काठाला थोडी वर चढते आणि मध्ये खोलगट असते, वाचायची ती मधली, खालची. पिठाचं माप काठोकाठ भरून सपाट करायचं असतं. पातळाचं माप काठापर्यंत भरायचं नसतं, म्हणून त्याला वर मोकळी जागा आणि ओतायला चोच ठेवलेली असते. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि वर म्हणाल्या, "दुधाचा लिटर किलोला भारी भरतो, तेलाचा हलका." खरं आहे. पाण्याचा लिटर एक किलो, दुधाचा साधारण एक किलो तीस ग्रॅम, तेलाचा नऊशे दहा-वीस ग्रॅम. तेलाच्या पिशवीवर म्हणूनच मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. तेल तापलं की फुगतं, लिटरात वजन कमी बसतं. सोयाबीनचं तेल २१ अंशांना लिटरला ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३च्या आसपास. काही कंपन्या चढं तापमान छापून पिशवीत तेल कमी भरतात, असं दिसल्यावर केंद्र सरकारने २०२२ साली तापमान न छापता खरं वजन लिहा, असं बजावलं. मोठ्या कढईच्या हिशोबात आम्ही आता तेलही ग्रॅमवरच घेतो. काट्यावर पातेलं ठेवायचं, शून्याचं बटण दाबायचं, ओतायचं. धुवायला एक भांडं कमी.

मग मोठ्या पातेल्याचं गणित आलं. घरच्या पाव किलो बेसनाला आत्यांचं पाणी ६०० मिलिलिटर पडत होतं. दोन किलोला आठपट करून मी वहीत ४ लिटर ८०० लिहिलं. आत्यांनी ते पाणी घालू दिलं नाही. "एवढं लागत न्हाई मोठ्या भांड्यात," म्हणून त्यांनी कळशी मध्येच उचलून घेतली. डबा-कळशी तोलून पाहिलं तर सव्वाचार लिटर गेलं होतं आणि उकड बरोबर झाली. कारण नंतर विचार केल्यावर पटलं. लहान पातेल्यात पाणी थोडं आणि त्याचा पृष्ठभाग त्या मानाने मोठा, वाफेवाटे बराच भाग निघून जातो. मोठ्या, खोल पातेल्यात पाणी आठपट झालं तरी तोंड आठपट होत नाही, झाकणही घट्ट बसतं. भाताचंही तेच. घरी एक वाटी तांदळाला दोन वाट्या म्हणणारी बाई पंगतीच्या भाताला कधीच दुप्पट पाणी घालत नाही. त्यातही तांदूळ नवा की जुना, हे बघावं लागतं. दिवाळीच्या आसपास निघालेला नवा इंद्रायणी कमी पाण्यात चिकट होऊन बसतो, तोच वर्षभर ठेवला की जास्त पाणी मागतो. इंद्रायणी मुळातच चिकट. वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहोराच्या वाणापासून तो काढला, १९८७ साली. त्याच्या पोत्यावर 'पाणी दुप्पट' असं कुणी छापलं तरी आमच्याकडच्या बायका ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला आहे. दोन किलो बेसन, काट्यावर. पाणी चार लिटर आधणाला आणि पाव लिटर उकळतं, वेगळ्या तपेलीत. ते पाव लिटर घालायचं की नाही, किती घालायचं, हे बेसन घोटणारीने ठरवायचं. पावसाळ्यात बेसन हवेतला ओलावा धरतं, तेव्हा ते बहुतेक तपेलीतच राहतं. एप्रिल-मेमध्ये सगळं लागतं. या पाव लिटरवर आत्या खूश आहेत. बाकी पुठ्ठ्याकडे त्या बघतही नाहीत. शिजलेलं बेसन एका गुंडाळीला ३०० ग्रॅम, सारण १०० ग्रॅम, हेही काट्यावर. सुरुवातीला हसलेल्या बायकाच आता घाईच्या दिवशी काटा शोधतात, कारण गुंडाळ्या सारख्या झाल्या की कापायला आणि ताटं लावायला वेळ जात नाही. काम लवकर आटोपायची आम्हाला वेगळीही निकड असते. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने घरी जायचं नाही, बिबट्यामुळे. वावरातल्या वस्तीवर राहणाऱ्या बायकांना दिवस मावळायच्या आत सोडावंच लागतं.

मिठावर मात्र दोन पक्ष आहेत. दोन किलो बेसनाला आत्यांच्या हिशोबाने साठ ग्रॅमच्या आसपास मीठ जातं. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमचा, म्हणून पुठ्ठ्यावर 'दहा चमचे' लिहिलं. पण काही जणी खडे मीठच वापरतात. त्यांच्या चमच्यात खड्यांच्या मध्ये पोकळी राहते, तेवढेच चमचे घातले तर वडी अळणी होते. म्हणून तिथेही ग्रॅमच लिहिले. हिंगाचं उलट. आमचा काटा एका ग्रॅमपर्यंत आकडे दाखवतो, पण दोन-तीन ग्रॅम टाकले तर कधी दाखवतो, कधी ढिम्म हलत नाही. हिंग, ओवा, हळद यांना चमचाच बरा.

रश्श्याचं प्रमाण अजून कुठेच लिहिलेलं नाही. कांदा, खोबरं, लसूण तोलता येतं, पण प्रत्येकीचा काळा मसाला निराळा आहे. एकीचा तीन चमचे घातला तरी नाकाला लागत नाही, दुसरीचा एक चमचा घातला की पाहुणे पाणी मागतात. तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात सगळ्यांचा मसाला एकत्र डंकावर कुटून आणायचा, असं ठरलं आहे. धणे, खोबरं, दगडफूल यांची यादी झाली. मिरची किती आणि कोणती, यावर बैठक झाली, चहा झाला, एकमत झालं नाही. बेडगी हवी म्हणणाऱ्या आणि लवंगी हवी म्हणणाऱ्या अशा दोन वेगळ्या याद्या सध्या माझ्या वहीत आहेत.